शाळेचा प्रभार आणि शिक्षिका
(सिरोंचा येथे प्राथमिक शिक्षक-शिक्षिकांच्या सभेत एका शिक्षण विस्तार अधिकारी भगिनीने केलेले भाषण)



शाळेच्या नेतृत्वात स्त्रियांचे स्थान ह्या विषयावर मी चार शब्द बोलावे अशी आपण आज्ञा केलीत, त्याबद्दल मी आपली आभारी आहे. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा आहे. म्हणून स्त्रीशिक्षणाचा सारा इतिहास येथे सांगत बसण्याचा माझा विचार नाही. आपल्या तालुक्यात वर्षानुवर्षे घडत असलेली, आणि इतकी अंगवळणी पडलेली की तिच्याकडे कुणाचे लक्षही जात नाही, अशी एकच गोष्ट मी आपल्यापुढे मांडणार आहे. ती गोष्ट म्हणजे शाळेचा प्रभार.

प्रथम एक गैरसमज दूर करू. शाळा चालविणे हे पुरुषाचे काम असून शिकविणे तेवढे स्त्रीचे, असे पुष्कळांना वाटते. आपल्या प्रांताचा अनुभव ह्याच्या अगदी उलट आहे. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली, त्यानंतरच्या चार वर्षांत चिपळूणकरांचा वाडा, रास्ता पेठ, वेताळ पेठ अशा ठिकाणी आणखी शाळा निघाल्या. सावित्रीबाई फुले तेथे शिकवीत, आणि शाळांची व्यवस्थाही पाहत. १८५६ साली आजारपणामुळे त्या माहेरी नायगावला असताना त्यांनी जोतीरावांना लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. आपल्या गैरहजेरीत सारा भार फातिमाबाई शेख ह्यांच्यावर पडत असेल आणि तरी त्या कुरकुर करणार नाहीत, ही काळजी त्या पत्रात दिसते. भगिनींनो, ही काळजी केवळ मैत्रिणीची नाही. आपण नसताना शाळा कोण उघडील, कोणावर किती भार पडेल, ह्याचा विचार करणारी व्यक्ती ही शाळेची प्रमुख असते, मग तिच्या नावापुढे कोणतेही पद लिहिलेले असो वा नसो.

पुणे आपल्याला दूरचे वाटत असेल तर आपल्या विदर्भातले उदाहरण घ्या. नागपूरच्या जाईबाई चौधरी ह्यांनी तरुणपणी नागपूर ते कामठी ओझी वाहण्याचे काम केले. एका मिशनरी बाईंच्या साहाय्याने त्या शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. पण अस्पृश्य मानलेल्या समाजातील बाई आमच्या मुलांना शिकविते म्हणून पालकांनी बहिष्कार घातला आणि त्यांची नोकरी गेली. दुसरे कोणी असते तर तेथेच थांबले असते. जाईबाईंनी १९२२ साली नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. ज्यांना शिक्षिकेच्या खुर्चीवर बसू दिले गेले नाही, त्यांनी आख्खी शाळा उभी केली.

तिसरे उदाहरण कोसबाडचे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम आरंभिले आणि १९५७ साली ते तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये नेले. मुले शाळेत येत नाहीत, एवढे लिहून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. मूल का येत नाही, हा प्रश्न त्यांनी विचारला. लहान भावंड सांभाळावे लागते म्हणून येत नसेल तर शाळा अंगणात नेली, गुरे चारावी लागतात म्हणून येत नसेल तर कुरणात नेली. अनुताईंनी पदवी घेतली ती १९६१ साली, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर. आणि ताराबाईंच्या १९७३ मधील निधनानंतर त्या संस्थेची धुरा वाहिली. पुढे जाण्याचे वय निघून गेले, असे म्हणणाऱ्या भगिनींनी हे साल ध्यानात ठेवावे.

आता आपल्या तालुक्याकडे वळू. प्राणहिता आणि गोदावरी ह्यांच्या संगमावरील हे गाव एके काळी अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी मेथडिस्ट मिशनच्या स्त्रियांनी येथे मुलींची शाळा चालविली होती. आज आपण गडचिरोली जिल्ह्यात आहोत. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या ह्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण येथून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. घरी तेलुगू, माडिया किंवा गोंडी बोलणारे मूल शाळेत येऊन मराठी ऐकते. पावसाळ्यात नाल्यांना पाणी आले की गावे तुटतात; २०२२ सालच्या जुलैमधील गोदावरीचा पूर आपल्यापैकी कुणीही विसरलेले नाही. हिवाळा सरत आला की कित्येक कुटुंबे मिरची तोडणीसाठी नदीपलीकडे तेलंगणात जातात, नंतर मोहफुलांचे दिवस येतात, आणि मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम. अशा ठिकाणी शाळा चालविणे म्हणजे घंटा वाजविणे आणि हजेरी मांडणे एवढेच नव्हे, हे मी आपल्याला सांगावयास नको.

आपल्या शाळा लहान आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे प्राथमिक वर्गांची पटसंख्या दीडशेच्या वर असेल तेव्हा स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो, आणि साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. आपल्याकडील बहुतेक गावांची पटसंख्या दीडशेच्या आसपासही जात नाही. ह्याचा अर्थ असा की येथे मुख्याध्यापक हे पद थोड्याच ठिकाणी असते. बहुतेक ठिकाणी असतो तो प्रभार. दोन शिक्षकांपैकी जो सेवेने ज्येष्ठ, त्याच्याकडे तो यावा हा नियम. नेतृत्वाची पहिली पायरी आपल्याकडे ही द्विशिक्षकी शाळा आहे. मोठ्या शाळेचे मुख्याध्यापकपद, केंद्रप्रमुखपद, विस्तार अधिकाऱ्याचे पद ह्या साऱ्या पुढच्या पायऱ्या.

आणि नेमक्या ह्या पहिल्या पायरीवर काय घडते, ते पाहा. शाळेत बाई ज्येष्ठ आहेत, गुरुजी कनिष्ठ आहेत. प्रभार बाईंकडे यावयास हवा. पण आधीच घरी, शाळेत, क्वचित केंद्रावरही एक समजूत निघते. ‘बाई, तुम्हांला कशाला हा व्याप? सभा, हिशेब, तालुक्याच्या फेऱ्या. गुरुजी करतील सारे.’ बाई एका कागदावर लिहून देतात की घरगुती अडचणीमुळे प्रभार स्वीकारण्यास असमर्थ आहे. कुणाचे भांडण होत नाही, कुणाचा अपमान होत नाही. सारे गोडीगुलाबीने पार पडते. आणि मग रोज काय होते? परिपाठ बाई घेतात. पोषण आहाराचे तांदूळ बाई मोजून देतात. मुलगी आठ दिवस आली नाही तर तिच्या घरी बाई जातात. सही मात्र गुरुजींची. बाहेरचा कुणी आला की पहिला प्रश्न विचारतो, ‘गुरुजी कोठे आहेत?’

ह्यात बिघडले काय, असे कुणी विचारील. काम तर होतेच आहे. बिघडते ते पुढे, पंधरा-वीस वर्षांनी. पदोन्नती सेवाज्येष्ठतेने मिळते. आत्मविश्वास मात्र सेवाज्येष्ठतेने मिळत नाही, तो हाताने काम करूनच यावा लागतो. जिने कीर्द कधी लिहिली नाही, शाळा व्यवस्थापन समितीची सभा कधी बोलाविली नाही, लेखापरीक्षणाच्या आक्षेपाला उत्तर कधी दिले नाही, तिच्यासमोर वयाच्या पन्नाशीला मोठ्या शाळेचे पद आले म्हणजे तिला भय वाटते, आणि ते वाटणे स्वाभाविक आहे. ती पुन्हा नकार देते. मग आपण म्हणतो, पाहा, स्त्रियांना पुढे यावयाचेच नसते! पस्तिसाव्या वर्षी समजुतीने सोडलेल्या प्रभाराचे हे पन्नासाव्या वर्षीचे फळ आहे, हे कुणी ध्यानात घेत नाही.

ही आपल्याच तालुक्याची कथा नाही. युनेस्कोने २०२५ साली शिक्षणातील स्त्रियांच्या नेतृत्वावर एक स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. शिकविणाऱ्यांत स्त्रिया जितक्या आहेत, त्या मानाने शाळेच्या प्रमुखपदी कितीतरी कमी, असे चित्र अनेक देशांत असल्याचे त्यात दिसते. भारतात आज एकंदर शिक्षकांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. महाराष्ट्राने १९९४ च्या महिला धोरणानंतर नोकरभरतीत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा ठेवल्या, त्यामुळे आपल्या शाळांत शिक्षिका आल्या. परंतु ते आरक्षण नोकरीच्या दारातून आत येण्यापुरते आहे. आत आल्यावर पुढे सरकण्याची वाट प्रत्येकीला आपल्या पायांनी चालावी लागते.

आणि एक विसंगती पाहा. २०११ पासून आपल्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांत अर्ध्या जागा स्त्रियांच्या आहेत. गावोगावी स्त्री सरपंच आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. म्हणजे ग्रामपंचायतीत स्त्री, समितीत स्त्री, आणि ह्या साऱ्यांना बोलाविणाऱ्या चिटणिसाच्या, म्हणजे मुख्याध्यापकाच्या, जागी मात्र स्त्री नको! जी माउली सरपंच म्हणून ग्रामसभेत उभी राहते, तिच्यासमोर शिकलेल्या शिक्षिकेने मागे सरावे हे शोभत नाही.

तरीही नकार देणाऱ्या भगिनींना मी दोष देणार नाही. त्यांच्या अडचणी खोट्या नाहीत. त्या एकेक करून पाहिल्या पाहिजेत, कारण अडचण नीट पाहिली की तिच्यावर उपायही दिसू लागतो.

पहिली अडचण प्रवासाची. तालुक्याच्या ठिकाणी सभा असते. ती दुपारी सुरू होते आणि दिवस मावळता संपते. झिंगानूरच्या बाजूच्या शाळेत काम करणारी बाई अंधारात जंगलातल्या रस्त्याने परत कशी जाणार? ह्यात तिच्या कर्तबगारीचा प्रश्न नाही, सभेच्या वेळेचा आहे. सभा सकाळी अकराला सुरू करून तीनच्या आत संपविली, नुसती माहिती द्यावयाची असेल तर ती फोनवर घेतली, आणि पावसाळ्यातील सभा त्या त्या केंद्रावर भरविल्या, तर ही अडचण निम्म्याने कमी होईल. ह्याला शासनाचा एक पैसाही लागत नाही.

दुसरी अडचण हिशेबाची. कीर्द, साठा नोंदवही, जडवस्तुसंग्रहाची नोंदवही, पोषण आहाराचा ताळमेळ, ह्यांची धास्ती पुष्कळांना वाटते. पुरुषांनाही वाटते, ते बोलत नाहीत इतकेच. पण ज्या गावात आपण शिकवितो, त्याच गावातील बचत गटाच्या स्त्रिया दरमहा जमाखर्च मांडतात, कर्ज देतात आणि वसूल करतात. त्यांतील कित्येकींचे शिक्षण चौथीपुढे गेलेले नाही. पदविका घेतलेल्या शिक्षिकेला कीर्द जमणार नाही, हे म्हणणे मला मान्य नाही. ती शिकविली मात्र पाहिजे. प्रभार द्यावयाचा तर पंधरा दिवस जुन्या प्रभाऱ्याने शेजारी बसून प्रत्येक नोंदवही समजावून द्यावी, वस्तू मोजून द्याव्यात, आणि यादीवर दोघांनी सह्या कराव्यात. कपाटाची किल्ली टेबलावर ठेवून निघून जाणे, ह्याला प्रभार देणे म्हणत नाहीत.

तिसरी अडचण गावच्या मंडळींची. वर्गखोलीची दुरुस्ती करणारा कंत्राटदार, आवारात गुरे सोडणारा शेजारी, समितीत आवाज चढविणारे एखादे गृहस्थ, ह्यांच्याशी बाई कशा बोलणार? माझा अनुभव असा की गावाला न्याय दिसला की गाव बाईंच्या मागे उभे राहते, आणि त्यांत माता सर्वांच्या पुढे असतात. समितीतील निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, त्या केवळ सहीपुरत्या न ठेवता त्यांना सभेत बोलते केले, तर मुख्याध्यापिका एकटी राहत नाही. जिला तेलुगू किंवा माडिया थोडी येते, तिचे काम आणखी सुकर होते. आईशी तिच्या भाषेत चार वाक्ये बोलता येणे, हे ह्या तालुक्यात प्रशासनाचेच एक साधन आहे.

चौथी अडचण घराची, आणि ती सर्वांत अवघड. घरी म्हातारी माणसे आहेत, लहान मुले आहेत. शाळेच्या गावी राहण्याजोगे घर मिळत नाही. कोठे शौचालय आहे तर पाणी नाही. ह्यांतील काही गोष्टी शासनाच्या हातच्या आहेत. २०१८ पासून राज्यातील स्त्री कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी १८० दिवसांची रजा मिळू लागली आहे; ती मागण्यात संकोच करू नये, आणि अशी रजा घेणारी जबाबदारीच्या पदाला योग्य नाही असा शेराही कुणी मनात मांडू नये. काही गोष्टी गावाच्या हातच्या आहेत. आणि काही, स्पष्ट बोलते, येथे बसलेल्या बंधूंच्या हातच्या आहेत. पत्नीला प्रभार मिळाला तर तिने सायंकाळचा स्वयंपाक करूनच कीर्द लिहावी, असा आग्रह असेल, तर तिचा नकार तिने दिलेला नसतो. तो घराने तिच्याकडून लिहवून घेतलेला असतो.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? खुर्चीवर बाई बसल्या काय आणि गुरुजी बसले काय, मुलांना काय फरक पडतो? चांगला मुख्याध्यापक पुरुषही असतो, आणि असे अनेक येथे समोर बसले आहेत. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण आपल्या गावांतील काही निर्णय असे आहेत की ते घेणाऱ्याला घरातले दिसावे लागते. मिरचीच्या हंगामात आईबाप नदीपलीकडे जातात, तेव्हा मोठी मुलगी बरोबर नेली जाते, कारण धाकट्याला तिने सांभाळावयाचे असते. ‘स्थलांतर’ असा एक शब्द लिहून हजेरीपट बंद करता येतो. किंवा त्या मुलीला आजीकडे ठेवण्याची व्यवस्था होईल का, हंगामी वसतिगृहाचा लाभ मिळेल का, हे निघण्यापूर्वी घरी जाऊन विचारता येते. सातवीनंतर मुलगी शाळा का सोडते, शौचालयाच्या दाराला कडी नसल्यामुळे महिन्यातले चार दिवस ती घरी का राहते, तिच्या लग्नाची बोलणी कोणत्या गावी चालली आहेत, ह्या गोष्टी शिक्षिकेला आधी कळतात. ज्याला कळते त्याच्याच हाती निर्णय असला तर उपाय वेळेवर होतो. कळते एकीला आणि अधिकार दुसऱ्याला, असे असले म्हणजे मधले आठ दिवस निघून जातात, आणि तेवढ्यात गाडी नदीपार झालेली असते.

आणि दुसरी गोष्ट. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यातील स्त्रियांची साक्षरता सुमारे ६६ टक्के होती, पुरुषांची सुमारे ८२. आपल्या वर्गात बसलेल्या पुष्कळशा मुलींच्या आयांना सही करता येत नाही. अशी मुलगी रोज पाहते की शाळेच्या दाखल्यावर बाईंची सही चालते, समिती बाईंचे ऐकते, अधिकारी आले तरी बाई उभ्या राहून स्पष्ट बोलतात. ह्या पाठाला पुस्तक लागत नाही आणि त्याची परीक्षाही घ्यावी लागत नाही.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत, त्या थोडक्यात सांगते.

पहिली अधिकारी आणि केंद्रप्रमुख ह्यांना. ज्येष्ठ शिक्षिकेने प्रभार नाकारल्याचा कागद आला तर तो तसाच नस्तीत लावू नका. तिला बोलावून कारण विचारा, आणि कारण दूर होण्याजोगे असेल तर ते दूर करून पुन्हा विचारा. ‘घरगुती अडचण’ ह्या दोन शब्दांवर आपण फार लवकर समाधान मानतो.

दुसरी शिक्षकबंधूंना. आपल्या ज्येष्ठ भगिनीच्या हाताखाली काम करण्यात कमीपणा नाही. तालुक्याची फेरी आपण करा, टपाल आपण न्या, अवजड कामाला पुढे व्हा; पण सही तिची राहू द्या. साहाय्य करणे वेगळे आणि जागा घेणे वेगळे.

तिसरी माझ्या भगिनींना. आपण काम तर आजही करीत आहात. त्या कामाचा अधिकार नाकारू नका. एक वर्ष प्रभार घेऊन पाहा. पहिल्या तीन महिन्यांत चुका होतील, शेरेबुकात प्रतिकूल शेराही येईल. त्याने खचून जाऊ नका. शेरा हा पुढच्या वेळी काय करावयाचे ते सांगणारा असतो. केंद्रप्रमुखाच्या काही जागा मर्यादित विभागीय स्पर्धा परीक्षेने भरल्या जातात. तिची जाहिरात येईल तेव्हा अर्ज करा, आणि शेजारच्या शाळेतील मैत्रिणीलाही करावयास लावा. दोघी मिळून अभ्यास केला तर प्रवासही सोबतीने होतो. सावित्रीबाईंना फातिमाबाई होत्या, ताराबाईंना अनुताई होत्या. एकटीने पुढे जावे असा नियम कोणी केलेला नाही.

येत्या जून महिन्यात शाळा उघडतील तेव्हा कित्येक शाळांत प्रभाराचा प्रश्न पुन्हा निघेल. त्या वेळी समजुतीचा कागद पुढे आला तर सही करण्यापूर्वी एक रात्र त्यावर विचार करावा, एवढेच मागणे आहे.